घराच्या भिंतींना फिकट उष्ण रंग द्यावा की गडद शीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी किंवा घरातले लग्नकार्य जवळ आले, की रंगाचे शेड कार्ड घरी येते आणि त्यासोबत मतभेदही येतात. घरातल्या मोठ्यांना मोतिया, साय किंवा बदामी यांसारखा उजळ रंग हवा असतो. मुलांना गर्द निळा, मोरपंखी किंवा कोळशासारखा करडा हवा असतो. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत आणि कोकणातल्या काही घरांत रंगनिवडीच्या कामात मी अनेक वर्षे सहभागी होत आलो आहे. त्या काळात पुन्हा पुन्हा विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

उष्ण रंग आणि शीत रंग म्हणजे नेमके काय?

शाळेत असताना एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिलेल्यांना ही विभागणी आठवत असेल. पिवळा, केशरी आणि लाल यांच्याकडे झुकणारे रंग उष्ण मानले जातात, तर निळा, निळसर हिरवा आणि जांभळा यांच्याकडे झुकणारे शीत. फिकट की गडद हा प्रश्न याहून वेगळा आहे. विटकरी रंग गडद असूनही उष्ण असतो आणि आकाशी रंग फिकट असूनही शीत असतो. म्हणून घरात वाद होतो तेव्हा तो उजळपणावरून आहे की रंगाच्या झुकावावरून, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. बरेचदा एकाला अंधार नको असतो आणि दुसऱ्याला पिवळेपणा नको असतो. अशा वेळी उजळ पण शीत, किंवा मध्यम गडद पण उष्ण छटा दोघांनाही मान्य होऊ शकते.

सगळे पांढरे सारखेच दिसतात. त्यांतला उष्ण कोणता आणि शीत कोणता, हे कसे ओळखावे?

शेड कार्डवरची पट्टी छपाईच्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीजवळ पाहावी. एकटी असताना पांढरी वाटणारी पट्टी तेव्हा लोण्यासारखी पिवळसर, अबोलीकडे झुकणारी गुलाबी, हिरवट किंवा निळसर असल्याचे लगेच दिसते. पूर्वी चुन्याची सफेदी करताना त्यात थोडी नीळ घालत असत, त्यामागेही हेच तत्त्व होते. चुन्यातला पिवळेपणा निळ्यामुळे मारला जातो आणि भिंत अधिक शुभ्र दिसते. मात्र नीळ जरा जास्त पडली, तर तीच भिंत थंड आणि उदास दिसू लागते. जुन्या रंगाऱ्यांना हा तोल हाताच्या सवयीने साधत असे. आज तो मशीनवर मोजून साधला जातो, पण तोल चुकला की भिंत आजही तशीच उदास दिसते.

निवडीची सुरुवात कोठून करावी?

सुरुवात शेड कार्डापासून न करता खोलीतल्या प्रकाशापासून करावी. त्या खोलीत प्रकाश कोठून येतो, कोणत्या वेळी येतो आणि घरातली माणसे तेथे कोणत्या वेळी बसतात, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढल्या, की निम्मी निवड झालेली असते.

उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा प्रकाश दिवसभर जवळपास सारखा राहतो. तो थेट उन्हाचा नसून आकाशाचा असल्यामुळे किंचित निळसर असतो. अशा खोलीत निळसर करडा रंग आणखी थंड दिसतो, तर सायीसारखा रंग तिला आवश्यक ती ऊब देतो. पूर्वेच्या खोलीत सकाळी सोनेरी ऊन येते आणि दुपारनंतर ती शांत, काहीशी फिकी होते. पश्चिमेच्या खोलीत दुपारी तीननंतर तिरपे, केशरी ऊन भिंतीवर पडते आणि त्यात फिकट पिवळी भिंत डोळ्यांना सोसवेनाशी होते. गडद शीत रंग सर्वांत जास्त शोभतो तो येथेच. संध्याकाळच्या उन्हात मोरपंखी किंवा निळसर करड्या भिंतीचा ताठरपणा जातो आणि खोली डोळ्यांना निवांत वाटते.

दक्षिणेच्या खोलीबाबत परदेशी पुस्तकांतले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मुंबई आणि पुणे १८ ते १९ अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. डिसेंबरमध्ये येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ ते ४८ अंशच वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर आत येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना थोडा उत्तरेकडे असतो, आणि लहानशा छज्ज्यामुळेही तीच खिडकी पूर्णपणे सावलीत जाते. युरोपात दक्षिणेची खोली वर्षभर उजळ धरून चालता येते, आपल्याकडे ती प्रामुख्याने हिवाळ्यात उन्हाची असते.

दिशेइतकेच महत्त्व खिडकीसमोर काय आहे, याला आहे. शहरातल्या कित्येक सदनिकांत खिडकी डक्टकडे किंवा शेजारच्या इमारतीकडे उघडते. समोरची भिंत विटकरी असेल तर आत येणारा प्रकाश तांबूस असतो, आणि समोर आंब्याचे झाड असेल तर तो हिरवट असतो. अशा खोलीत होकायंत्र पाहून रंग ठरवण्यात अर्थ नाही. सकाळी, दुपारी आणि दिवे लावण्याआधी अशा तीन वेळा तेथे पांढरा कागद धरून पाहावा, आणि कागद जसा दिसेल तसा त्या खोलीचा प्रकाश समजावा.

गडद रंगामुळे खोली नेमकी किती अंधारते?

अंदाजापेक्षा खूपच जास्त अंधारते. याचे गणित अवघड नाही, म्हणून ते येथे मांडतो. प्रत्येक छटेला प्रकाश परावर्तनाचा एक आकडा असतो. रंग कंपन्या तो एल. आर. व्ही. या नावाने देतात आणि पुष्कळदा तो शेड कार्डवर किंवा छटेच्या माहितीत छापलेला असतो. पूर्ण काळ्यासाठी तो शून्याजवळ आणि पूर्ण पांढऱ्यासाठी १०० च्या जवळ असतो. सायीसारख्या रंगाचा आकडा साधारण ७५ ते ८५ असतो, तर गर्द निळ्याचा ५ ते १० च्या आसपास असतो.

आता १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंचीची खोली घेऊ. तिच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते, छत आणि जमीन प्रत्येकी १२० चौरस फूट. छताचे परावर्तन ८० टक्के आणि फरशीचे ३० टक्के धरले, भिंती ८० टक्क्यांच्या ठेवल्या आणि दिवा तोच ठेवला, तर प्रकाश भिंतींवरून पुन्हा पुन्हा उसळून खोलीत भरून राहतो. त्याच चारही भिंती ८ टक्क्यांच्या गडद रंगाने रंगवल्या, तर ढोबळ हिशेबाने खोलीतला एकूण उजेड पूर्वीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येतो. केवळ १२ फुटांची एकच भिंत गडद केली, तर उजेड सुमारे ७० टक्के उरतो. खिडक्या, कपाटे आणि पडदे या हिशेबात धरलेले नाहीत, म्हणून आकडे काटेकोर मानू नयेत. फरकाचा अंदाज मात्र त्यांतून नीट येतो. जो चारही भिंती गडद करणार आहे, त्याने दिव्यांची संख्याही वाढवण्याची तयारी ठेवावी. रंगाच्या खर्चात हा खर्च कोणी धरत नाही.

गडद रंगाने खोली लहान दिसते, हे खरे आहे का?

नेहमीच खरे नसते. चारही भिंती आणि त्यांचे कोपरे एकाच गडद, विनाचमक रंगाचे असतील, तर सांधे डोळ्यांना दिसत नाहीत, आणि खोलीचा शेवट कोठे होतो हे चटकन कळत नसल्यामुळे ती खोल भासू शकते. खोली लहान वाटू लागते ती प्रामुख्याने तुकडे पडल्यामुळे. गडद भिंत, तिला लागून पांढरी चौकट, मध्येच तपकिरी कपाट आणि वर पी.ओ.पी.ची पांढरी किनार अशी रचना असली, की नजर प्रत्येक रेषेवर अडते. कमी उंचीच्या खोलीत मात्र छत गडद करू नये. फॉल्स सीलिंगमुळे आधीच काही इंच गेलेले असतात, आणि गडद छत ती उणीव ठळक करते.

गडद रंगाने घर तापते आणि शीत रंगाने थंड राहते का?

आतल्या भिंतींबाबत हा फरक जवळपास नगण्य आहे. घर तापते ते गच्ची, पश्चिमेची बाहेरची भिंत आणि खिडकीतून येणारे ऊन यांमुळे. म्हणून गच्चीला किंवा बाहेरच्या भिंतीला दिलेला पांढरा रंग खरोखर उपयोगी पडतो. आतला शीत रंग खोलीचे तापमान उतरवत नाही, तो फक्त डोळ्यांना गारवा देतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी बाहेरून आल्यावर त्या गारव्याचेही मोल मोठे असते, हे मी मान्य करतो, पण कूलरचे काम भिंतीच्या रंगाकडून होणार नाही.

दिव्यांचा रंग कितपत महत्त्वाचा आहे?

अतिशय महत्त्वाचा आहे आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. २७०० ते ३००० हा पिवळसर, ४००० हा मधला आणि ६५०० हा निळसर पांढरा प्रकाश होय. आपल्याकडच्या घरांत ६५०० ची ट्यूबलाइट फार आढळते. दुकानात किंवा दिवसा आवडलेला साय रंग तिच्याखाली निस्तेज आणि कधी हिरवट दिसतो, आणि दोष रंगाऱ्याला दिला जातो. उलट, २७०० च्या दिव्याखाली निळसर करडा रंग मळकट वाटू शकतो. उष्ण भिंतीसाठी ३००० आणि शीत भिंतीसाठी ४००० हा माझा नेहमीचा सल्ला आहे. स्वयंपाकाचा ओटा आणि अभ्यासाचे टेबल यांना मात्र भिंतीच्या रंगाचा विचार न करता भरपूर उजेड द्यावा.

यासंबंधी माझी एक स्वतःची चूक सांगतो. माझ्या अभ्यासाच्या खोलीसाठी मी मे महिन्यात, स्वच्छ उजेडात, गडद निळसर करडा रंग निवडला आणि तो चारही भिंतींना लावला. तो सुरेख दिसला. जुलैमध्ये पाऊस लागला आणि भर दुपारी अकरा वाजता दिवा लावल्याशिवाय कागद वाचता येईना. खोलीला खिडकी एकच होती आणि तीही उत्तरेची होती. पुढच्या वर्षी तीन भिंती पुन्हा फिकट बदामी केल्या. तेव्हापासून आपल्याकडचा रंग पावसाळ्यातल्या प्रकाशात पाहिल्याशिवाय पक्का करू नये, असे मी आग्रहाने सांगतो, कारण वर्षातले चार महिने आपण त्याच करड्या प्रकाशात राहतो.

फरशी आणि फर्निचर जुनेच राहणार असेल, तर काय करावे?

मग निर्णय त्यांच्याकडे सोपवावा. भिंत बदलता येते, फरशी सहसा बदलली जात नाही. शहाबादी फरशी करडी असते आणि कोटा हिरवट किंवा निळसर करडा असतो. दोन्ही शीत असल्याने त्यांच्यावर शीत गडद भिंत आली, की घर दगडी वाटू लागते. तेथे सायीचा किंवा फिकट मधासारखा रंग चांगला बसतो. हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइलवर मात्र पिवळसर भिंत दिली तर सगळेच पिवळे होऊन जाते, म्हणून तेथे भिंत किंचित करडी किंवा शुभ्र असावी. सागवानाचे लाकूड तांबूस-सोनेरी असते. त्याच्यामागे निळा किंवा मोरपंखी रंग आला, की लाकूड उठून दिसते, कारण शेजारशेजारचे विरुद्ध रंग एकमेकांची धार वाढवतात. पॅरिसमधल्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगकामाची देखरेख करणाऱ्या शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये या परिणामाचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले होते. पैठणीच्या काठ-पदराची रंगसंगती ज्यांनी निरखली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. शिसवी किंवा काळपट फर्निचर असेल, तर गडद भिंतीपुढे ते हरवते. त्याच्यामागे उजळ भिंतच हवी.

कोकणात आणि ओल येणाऱ्या भिंतींवर कोणता रंग टिकतो?

ओल असलेल्या भिंतीवर कोणताच रंग टिकत नाही. आधी ओल कोठून येते ते शोधून बंद करावे आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. एवढे केल्यावर रंगांतला फरक इतकाच उरतो, की फिकट भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके लवकर दिसतात आणि गडद भिंतीवर लोणा लागल्याचे, म्हणजे क्षारांचे, पांढरे पट्टे उठून दिसतात. दोन्ही ठिकाणी पापुद्रे सुटले की डागडुजी करावी लागते, आणि गडद रंगाची डागडुजी लपत नाही. म्हणून ज्या भिंतीला बाहेरून पावसाचा मारा बसतो, ती निदान दोन पावसाळे कोरडी राहिल्याची खात्री होईपर्यंत गडद करू नये. नव्या इमारतीत गिलाव्यातला ओलावा जाण्यासाठी किमान महिनाभर थांबावे. रंगकाम शक्यतो पाऊस संपल्यावरच काढावे.

गडद रंगाला खर्च जास्त येतो का?

होय. गडद छटा ज्या बेसमध्ये तयार केल्या जातात, त्यात पांढरे रंगद्रव्य कमी किंवा जवळजवळ नसते आणि वरून घालायचे रंगद्रव्य अधिक लागते, त्यामुळे डबा महाग पडतो. फिकट रंग दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, बसतो, गडद रंगाला तीन आणि काही छटांना चार हातही लागतात. प्रायमर त्याच छटेकडे झुकणारा करडा घेतला, तर एखादा हात वाचू शकतो. शिवाय भिंतीला लांबी (पुट्टी) नीट भरलेली नसेल, पॉलिश पेपर घाईत मारलेला असेल, तर गडद आणि चमकदार रंगाखाली प्रत्येक टेकाड आणि पट्टीची प्रत्येक खूण उघडी पडते. म्हणून गडद रंगासाठी विनाचमक प्रकार घ्यावा. त्यावर हात किंवा खुर्ची घासली तर चकाकणारा डाग पडतो, हे मात्र लक्षात ठेवावे. लहान मुले असलेल्या घरात जिन्याजवळची किंवा जेवणाच्या टेबलामागची भिंत गडद विनाचमक करण्याचा मोह टाळावा. गडदावरून पुन्हा फिकट करायचे झाल्यास प्रायमरचा एक हात आणि वर तीन हात, असा हिशेब धरावा.

एकच भिंत गडद करण्याची पद्धत योग्य आहे का?

ती भिंत योग्य निवडली असेल तर योग्य आहे. खिडकी असलेली भिंत गडद करू नये. बाहेरचा लखलखीत उजेड आणि त्याभोवतीचा काळोख यांत डोळ्यांवर ताण येतो. खिडकीसमोरची भिंत गडद केली, तर आत येणारा उजेड तीच शोषून घेते. खिडकीला काटकोनात असलेली, पलंगाच्या डोक्याकडची किंवा टीव्हीमागची भिंत बहुधा चांगली ठरते. उरलेल्या तीन भिंतींचा फिकट रंग त्या गडद रंगाशी नाते सांगणारा असावा. गर्द निळ्याशेजारी लोण्याचा पिवळा ठेवण्यापेक्षा किंचित करडा पांढरा ठेवला, तर खोली एकसंध राहते.

घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर काय पाहावे?

वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि मोतीबिंदूमुळे उजेडही कमी पोहोचतो. त्यामुळे गर्द निळा, गर्द जांभळा आणि काळा यांतला फरक ज्येष्ठांना कळेनासा होतो. त्यांच्या खोलीत, न्हाणीघराच्या वाटेवर आणि जिन्यात भिंती फिकट ठेवाव्यात, आणि दाराची चौकट, आधाराचा दांडा व स्विचबोर्ड भिंतीहून स्पष्ट वेगळ्या रंगाचे ठेवावेत. पांढऱ्या भिंतीवर पांढरा दांडा दिसायला नीटस असला, तरी रात्री उठलेल्या माणसाला तो सापडत नाही. या बाबतीत घरच्यांच्या आवडीला मी दुय्यम मानतो.

देवघर आणि स्वयंपाकघर यांचे काय?

स्वयंपाकघर फिकट आणि धुता येणारे असावे. फोडणीचे शिंतोडे आणि हळदीचे हात लागणारच, आणि भाजी निवडताना उजेड हवा. देवघरात पितळेची समई आणि तिची ज्योत उठून दिसावी अशी इच्छा असेल, तर मागची लहानशी भिंत गर्द करायला हरकत नाही, मात्र काजळी वरच्या छतावर दिसतेच.

रंग पक्का करण्याआधी नमुना कसा पाहावा?

शेड कार्डावरची दोन बोटांची पट्टी पाहून कधीही रंग ठरवू नये. चार भिंतींवर तोच रंग आला, की भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात आणि तो पट्टीपेक्षा अधिक भडक व गडद दिसतो. शक्य असेल तेथे एक पायरी फिकट किंवा थोडी करडी छटा घ्यावी. लहान डबा आणून सुमारे तीन फूट बाय तीन फुटांचा जाड पुठ्ठा रंगाचे दोन हात देऊन रंगवावा, भोवती पांढरी किनार सोडावी, आणि तो पुठ्ठा खोलीत वेगवेगळ्या भिंतींना टेकवून किमान तीन दिवस पाहावा. भिंतीवरच पट्टा मारला, तर शेजारचा जुना रंग डोळ्यांची फसवणूक करतो. ओला रंग पाहून निर्णय घेऊ नये. प्लॅस्टिक इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडे गडद होते, तर चुन्याची सफेदी ओली असताना पारदर्शक दिसते आणि वाळताना पांढरी होत जाते. दिवेलागणीच्या सुमारास, दिवा न लावता, पुठ्ठा एकदा अवश्य पाहावा. अंधुक प्रकाशात तांबडे रंग आधी काळवंडतात आणि निळे-हिरवे तुलनेने उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवलेला हा परिणाम आपल्या पडवीतही रोज घडतो.

रंग देऊन झाला आणि आवडला नाही, तर लगेच बदलावा का?

निदान पंधरा दिवस थांबावे. रिकाम्या खोलीत रंग नेहमी कठोर दिसतो. पडदे, चादरी, पुस्तके आणि माणसे परत आली, की त्याची धार कमी होते. तरीही खटकत असेल, तर आधी दिवा बदलून पाहावा, कारण तो एका संध्याकाळी बदलता येतो आणि पुष्कळदा तेवढे पुरते. त्यानेही भागले नाही, तर खिडकीसमोरची एकच भिंत उजळ करावी आणि पुन्हा आठवडाभर पाहावे. उरलेल्या रंगाचा डबा घट्ट झाकून, त्यावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी.